तुळशीदादांनी भरलेली काडतुसं

रवि. ५ ऑक्टो.

पन्नास तबकड्यांत एकतीस फोडल्या. इंग्लंडातला वारा होता, पण वाऱ्याला कसला दोष देऊ, सगळ्यांच्या मातीच्या तबकड्या त्याच वाऱ्यात उडत होत्या. तुळशीदादा पन्नासात तेवीस. गेल्या वर्षी याच दिवसांत ते मला दहाने मागे टाकायचे आणि घर येईपर्यंत गाडीत ऐकवायचे. आज गाडीत गप्प. (तुळशीदादा यापुढे तु.दा. थंडीत अंगठा दुखतो.)

शूटिंग संपल्यावर नेहमीप्रमाणे टरफलं वेचली. बाकीचे लोक रिकामी काडतुसं ड्रममध्ये फेकून कॅफेत बेकन खायला जातात. आम्ही, एक अठ्ठ्याहत्तरचे आणि एक पंचावन्नची, दोन बादल्या घेऊन चिखलात ओणवे. डेव्ह ग्राउंडवाला म्हणतो, घरी काडतुसं भरणारे इथे आता तुम्ही दोघंच उरलात. कौतुकाने म्हणत नाही.

उतरताना तु.दां.नी पुढच्या रविवारची दोन खोकी दिली, मी माझी दोन त्यांना. पंचवीस-पंचवीस. ते भरतात ती मी झाडायची, मी भरते ती त्यांनी. आपल्या हातची आपण झाडायची नाहीत, हा त्यांचा नियम. मिलमध्ये फिटर होते तेव्हापासूनचा. "दुसऱ्याचा हात उडन, असं डोक्यात असलं का मानूस नीट भरते." आधी ही देवाणघेवाण त्यांची आणि माझ्या नवऱ्याची, मिलिंदची होती. मिलिंद गेल्यावर त्याची बंदूक माझ्याकडे आली आणि तु.दां.च्या शेजारची जागाही.

पाय ओले. घर थंड. सूप.


मंगळ. ७ ऑक्टो.

कामावरून आल्यावर टरफलं निवडली. तांदूळ निवडावेत तशी, पेपर पसरून. तोंडाशी चिरलेलं, बाद. पितळ फुगलेलं, बाद. तळाशी ठिणगी देणारी टोपी बसते ते भोक सैल, बाद. कुणाचा बूट पडलेलं, बाद. उरलेल्याचं तोंड अंगठ्याने चेपून सोडायचं, आपोआप गोल झालं तर ठेवायचं. कितव्यांदा भरलं तेही पाहायचं. तु.दा. प्रत्येक भरणीला पितळेच्या काठावर कानशीने एक बारीक खाच देतात. मी मार्करची रेघ मारते. पाच झाल्या की टरफल बाद.

तु.दां.नी त्यांच्या बादलीतली "निवडलेली" एक पिशवी मला दिली होती, जास्त झाली म्हणून. त्यात गडद निळी आणि काळी एकत्र. निळ्याच्या आत तळाशी वेगळी चकती असते, काळं एकसंध आणि आतून निमुळतं. बाहेरून जुळी भावंडं, आतली जागा वेगळी. एकाचं माप दुसऱ्यात घालायचं नाही, दाब बदलतो. हे मला कोणी शिकवलं? त्यांनीच. पहिल्याच दिवशी, आणि दोन मिसळली म्हणून माझ्या हातातून पिशवी ओढून घेतली होती.

एकोणीस काळी निघाली. वेगळी केली. काही बोलणार नाही.


रवि. १२ ऑक्टो.

थोडक्यात लिहिते.

तिसरा स्टँड. तबकडी आली, चाप ओढला आणि धडाम् व्हायच्या ऐवजी फुस्स. खांद्याला धक्का नाही. छर्रे समोर पाच पावलांवर गवतात सांडले. आणि माझा हात, गाढव हात, सवयीने खिशातलं पुढचं काडतूस घेऊन निम्म्यात पोचला होता. तिथे थांबला. का थांबला माहीत नाही.

बंदूक उघडून नळीतून पाहिलं. उजेड नाही. छर्ऱ्यांखालचं बूच मध्येच अडकलेलं. काडतुसात दारूच नव्हती, नुसत्या टोपीने बूच ढकललं होतं तेवढंच. त्यावर दुसरं झाडलं असतं तर नळी फाटली असती, आणि डावा हात तिथेच असतो, नळीखाली.

डेव्हने लांब काठी घालून बूच काढलं. माझ्याकडे बघून काठी पुसायला लागला.

तु.दा. मागे बाकावर, कानांवर मफ्स. "काय झालं बाई?" म्हटलं, "काही नाही दादा, टोपी ओली होती." ओली टोपी! ऑक्टोबरात सुद्धा त्यांच्या गॅरेजमध्ये पापड वाळतील. पण त्यांनी मान हलवली.

घरी सोडताना पुढच्या रविवारची दोन खोकी दिली. घेतली.


सोम. १३ ऑक्टो.

सिक कॉल केला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

स्वयंपाकघरात दोन्ही खोकी फोडली. पन्नासच्या पन्नास कापून दारू वजनकाट्यावर. सत्तेचाळीस ठीक. दोनांत दारू नाही. एकात जवळजवळ दीडपट.

त्या दीडपटीकडे, बंदूक हातात फुटेल एवढ्या दारूकडे, बराच वेळ बघत बसले.

कसं झालं असेल ते कळतंय. त्यांच्या काडतुसं भरायच्या प्रेसवर दारूची बाटली वर असते, दांडा ओढला की माप खाली पडतं. बाटली संपत आली की माप अडखळतं. एक रिकामं जातं, मग पुढच्यात जास्त. म्हणून प्रत्येक टरफलात डोकावून बघायचं असतं, एका नजरेचं काम. ती नजरच गेली आहे.

हॉस्पिटलच्या फार्मसीत माझं कामच मुळी दुसऱ्याने भरलेलं तपासायचं. रोज. चूक सापडली तर फॉर्म भरायचा, कुणाला दोष न देता, काय झालं, काय होऊ शकलं असतं. इथला फॉर्म कोणाकडे देऊ?


गुरु. १६ ऑक्टो.

ठरलं. त्यांची खोकी घ्यायची, घरी फोडायची. रविवारी मी माझी भरलेली घेऊन जायची आणि त्यांची म्हणून झाडायची. ते माझी झाडतात, म्हणजे ते सुरक्षित. मी माझी झाडते, म्हणजे मी सुरक्षित. त्यांची कोणीच झाडत नाही. कुणाचं काही बिघडत नाही.

हे तीनदा लिहून पाहिलं. तिन्ही वेळा बरोबर वाटलं, तरी चौथ्यांदा वाचलं.


शनि. १८ ऑक्टो.

विहाराचा कार्यक्रम, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. विहार म्हणजे भाड्याचा कम्युनिटी हॉल, महिन्यातून एक शनिवार. हीटिंग बंद. ज्येष्ठ म्हणून मेणबत्ती लावायला तु.दां.ना बोलावलं. काडी पेटवली आणि वातीपासून दोन बोटं बाजूला धरून उभे राहिले. वात पेटेना. मी उठले, त्यांचा हात धरल्यासारखा करून काडी वातीला लावली. लोकांना वाटलं मान दिला. टाळ्या वाजल्या.

मग पंचशील. सगळ्यांबरोबर म्हणत गेले. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, खोकल्याचं सोंग केलं. शेजारच्या बाईंनी लॉझेंज दिली.

जेवताना विचारलं, "दादा, डोळे दाखवलेत का?"

"कायले? मोतीबिंदू काहाडला नं तीन वर्षांआधी."

"तरी एकदा."

"तू खिचडी खाय बरं. थंडी व्हऊन राह्यली."


रवि. १९ ऑक्टो.

पन्नासात अडतीस. माझ्याच हातची होती, काही झालं नाही. तु.दा. खूश: "पाह्य, माह्या हातची कशी उडतेत." हसले मी. हसायला जमलं, याचंच वाईट वाटलं.


रवि. २६ ऑक्टो.

घड्याळं एक तास मागे. साडेचारलाच अंधारून यायला लागलं. आता मार्चपर्यंत हे असंच.

दुपारी त्यांच्याकडे. शॉटगन सर्टिफिकेटच्या, म्हणजे बंदुकीच्या परवान्याच्या, रिन्यूअलचा फॉर्म, पाच वर्षं झाली. "अक्षरं लई बारीक करतेत आजकाल," म्हणून भरायला माझ्याकडे. नाव, पत्ता, बंदुकीचा नंबर. मग आजारांची यादी आणि शेवटी, बंदूक सुरक्षित बाळगण्यावर परिणाम होईल असं इतर काही?

पेन थांबलं.

"नाई लिही," ते म्हणाले.

मी नाही लिहिलं. माझ्या अक्षरात.

मग रेफरी, म्हणजे आपल्याबद्दल हमी देणारं माणूस. "तुहं नाव टाक. दुसरं कोन हाय मले?" टाकलं. पोलिसांच्या फायरआर्म्सवाल्यांचा फोन येईल तेव्हा मला विचारणार, हा माणूस कसा आहे.

त्यांनी चहा केला. कप भरून वाहीपर्यंत ओतत होते, बशीत सांडल्यावर थांबले. दोघांनीही त्या बशीकडे पाहिलं नाही.

चहा पिताना प्रेसवर हात ठेवून बसले होते, माणूस कुत्र्याच्या डोक्यावर ठेवतो तसा. मुलगा कॅनडात, बायको जाऊन अकरा वर्षं. गाडी मार्चमध्ये विकली. रविवारशिवाय त्यांचे सहा दिवस कसे जातात ते मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीत आहे. सोमवारी टरफलं निवडतात, मंगळवारी टोप्या, बुधवारी भरतात, पन्नास काडतुसं तीन दिवस पुरवतात.


शनि. १ नोव्हें.

माझं सर्टिफिकेट आठवलं. मिलिंद जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याची बंदूक डीलरकडे ठेवलेली. मी डिप्रेशनच्या गोळ्यांवर. जीपीने, नेहमीच्या डॉक्टरने, फॉर्मवर ते लिहिलं. रेफरी तु.दा. मला खात्री होती की नकार येणार, आणि खरं म्हणजे नकार यावा असंही वाटत होतं, कारण तेव्हा कशातच काही वाटत नव्हतं.

तीन आठवड्यांनी सर्टिफिकेट आलं. म्हणजे त्यांनी सांगितलं असणार की बाई ठणठणीत आहे. माझ्यासाठी खोटं बोलले. मी कधी विचारलं नाही. पण त्या रविवारांनी मला अंथरुणातून बाहेर काढलं हे मला ठाऊक आहे.

तेव्हा हे त्याचं उत्तर. ते माझ्यासाठी बोलले, मी त्यांच्यासाठी बोलेन. झालं. एवढंच तर करायचंय.


रवि. ९ नोव्हें.

रिमेम्ब्रन्स संडे, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा. अकरा वाजता सगळे बंदुका उघडून दोन मिनिटं उभे. पावसाचे बारीक तुषार. तु.दां.च्या कोटावर पॉपी, त्या दिवसाचं लाल कागदी फूल, उलटी लावलेली, मी सरळ केली नाही. शांततेत हात कसा लावणार.

नंतर कॅफेत डेव्हने सांगितलं की हे त्याचं शेवटचं वर्ष, गुडघे गेले, मार्चला सोडतोय. ग्राउंडचं काय होणार कुणाला माहीत. पुढे शिशाचे छर्रेही बंद होणार, मग आमची जुनी प्रेस, जुनी बुचं, सगळं भंगार.

तु.दां.नी कोटातून एक खोकं काढलं आणि डेव्हच्या हातात ठेवलं. पंचवीस. "थर्टी इयर्स थँक यू," इंग्रजीत म्हणाले. "आय लोडेड देम स्पेशल."

माझ्या हातातला चहा तसाच.

डेव्हला खरंच भरून आलं. खोकं काखेत मारून गेला. मी काय करायला हवं होतं? तिथेच, सगळ्यांसमोर, त्याच्या हातातून ओढून घ्यायला हवं होतं. तेच करायला हवं होतं. मी केलं नाही. तु.दां.चा चेहरा इतका उजळला होता.

गाडीत मला म्हणाले, "मानसाले स्वतःच्या हातचं काही देता आलं पायजे, नाई का?"


सोम. १० नोव्हें.

सकाळी सातला ग्राउंडवर. कामाला उशीर, झाला तर झाला. डेव्हची लँडरोव्हर फाटकाशी. म्हटलं, कालचं खोकं दे, त्यात माझ्या चुकीने वेगळी दारू पडली होती, हे घे बदली. माझं खोकं पुढे केलं.

"आठ झाडली काल संध्याकाळी," तो म्हणाला. "कावळे हाकलायला."

त्याचे दोन्ही हात बघितले. दोन्ही होते. हातमोज्यांत, चहाचा थर्मास धरून.

सतरा परत आणली. लंचमध्ये घरी येऊन कापली. सोळा ठीक. एक रिकामं.

म्हणजे आठांत नव्हतं, सतरांत होतं. एवढाच फरक. नेम त्याचा, नशीब माझं. "कुणाचं काही बिघडत नाही," असं मी इथेच लिहिलंय, चार पानं मागे. ते पान फाडणार नाही. राहू दे तसंच, वाचायला.


बुध. १२ नोव्हें.

लेकीचा, रियाचा फोन मँचेस्टरहून. ट्रॅममध्ये होती. तिला सगळं सांगितलं, कधी नाही ते. ती म्हणाली, "आई, म्हणजे तू दर वीक त्यांचा गोळी कापते? अँड ही डझन्ट नो?"

"हो."

"दॅट्स सो सॅड. बट यू हॅव टू टेल द पोलिस, ना. कोणीतरी मरेल."

तिचं व्याकरणातलं लिंग चुकलं, मुद्दा चुकला नाही.

"ते माझ्यासाठी खोटं बोलले होते," मी म्हटलं.

"कधी?"

सांगितलं. ती म्हणाली, "तू विचारला का त्यांना?"

ट्रॅम बोगद्यात गेली की तिने फोन ठेवला, कळलं नाही.


रवि. १६ नोव्हें.

सगळं लिहून ठेवते, क्रमाने.

पन्नासात तेहतीस. तु.दा. सतरा. टरफलं वेचून त्यांच्या गॅरेजमध्ये. मी बादली ठेवली आणि निघाले तर म्हणाले, "बस."

बसले. त्यांनी बादलीतलं एक टरफल उचललं, आज माझ्या पायाशी पडलेलं. नुसत्या अंगठ्याच्या नखाने पितळेचा काठ फिरवला, सगळा, सावकाश. मग दुसरं. मग तिसरं. तिन्ही माझ्यासमोर फळीवर मांडली.

"याच्यावर माही खाच नाई."

मला तेव्हा लक्षात आलं. पाच आठवडे वजनकाटा, कात्री, खोकी, सगळं सांभाळलं आणि कानस विसरले. त्यांच्या खाचांची टरफलं मी कापून बिनमध्ये टाकत होते, आणि माझ्या टरफलांवर मार्करच्या रेघा होत्या, ज्या त्यांना दिसतच नाहीत. म्हणून मला वाटलं त्यांना काहीच कळत नसेल. चाळीस वर्षं फिटर असलेल्या माणसाचं नख मी हिशेबात धरलं नाही.

"किती दिवस झाले माहीत आहे तुम्हाला?"

"चार रविवार."

"मग बोलला का नाहीत?"

"तू काहून नाई बोल्ली?"

मग एकदम सगळं बाहेर पडलं, फुस्स गेलेलं काडतूस, नळीतलं बूच, दीडपट दारू. डेव्हच्या खोक्यातलं रिकामं. ते ऐकताना प्रेसच्या दांड्याकडे बघत होते. डेव्हचं ऐकल्यावर डोळे मिटले.

"त्याच्याच खोक्यात होतं?"

"एक."

फळीवरची तिन्ही टरफलं परत बादलीत टाकली. मग म्हणाले, "मले वाटे, फक्त तूच झाडते. अन् तू त झाडतच नाई. म्हनून भरत राह्यलो. डेव्हचं तेवढं एकेक चाचपून भरलं होतं. भरनं बंद केलं असतं त तू कायले आली असती इथं?"

"आले असते."

"हो? कायच्यासाठी?"

हे मला लागलं. आणि ते खोटं नाही हे जास्त लागलं.

मी रडले. लिहायला लाज वाटत नाही. मग म्हटलं, काळजी करू नका, पोलिसांचा फोन आला की मी सांभाळून घेईन, माझ्या वेळी तुम्ही सांभाळलंत तसं.

त्यांनी मान वर केली. "मी काय सांभायलं?"

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात ना. गोळ्यांचं."

"खोटं?" इतके चिडले की उठून उभे राहिले. "मी खोटं बोल्लो? तुले कोनं सांगतलं? मी त्याले सगळं सांगतलं. बाई गोळ्या घेते म्हनलं. रडते म्हनलं. दोन खेपा चूल तशीच सुरू ठेवून झोपून गेली, हेही सांगतलं."

"मग दिलं कसं त्यांनी?"

"त्यानं विचारलं, मंग द्यावं काहून? म्हनलं, दर रविवारी मी तिच्या बाजूले उभा राहीन. सहा महिने तिची बंदूक डीलरपाशी राहू द्या, मी तिले घेऊन जाईन अन् मीच परत ठेवीन. त्यानं लिहून घेतलं."

मला आठवलं, पहिले सहा महिने बंदूक खरंच डीलरकडे असायची आणि मला वाटायचं, हा काहीतरी नियम असेल.

सहा वर्षं मी या माणसाचे उपकार एका खोट्यासाठी मानत होते. ते खोटं नव्हतंच. तो सगळा वेळ ते फक्त माझ्या शेजारी उभे होते.

निघताना म्हणाले, "फोन आला त जे हाय ते सांगजो." मग दाराशी, मागून, वेगळ्याच आवाजात, "पन बंदूक नेली त प्रेस त राहील नं?"

मला माहीत नव्हतं. राहील बहुतेक. पण सर्टिफिकेट नसेल तर टोप्या मिळणार नाहीत. टोपीशिवाय प्रेस म्हणजे नुसता दांडा वरखाली.

हे सांगितलं नाही.


बुध. १९ नोव्हें.

ईमेल आला. शुक्रवारी दहाला फोन करतील. सकाळची रजा टाकली.

आज कामावर एका कुपीवरचं लेबल तीनदा वाचलं आणि तरी दुसऱ्या मुलीला म्हटलं, तू पण बघ.


शुक्र. २१ नोव्हें.

दहा वाजून दोन मिनिटांनी फोन. आवाजावरून तरुण माणूस, नम्र, कीबोर्डचा आवाज मागे. किती वर्षं ओळखता? चौदा. स्वभाव कसा? रागीट आहेत, पण राग तोंडापुरता. दारू? नाताळला एक पेग. घरात कोणी? कोणी नाही.

मग, "काळजी वाटावी असं तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, "हॅलो? आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "आणि काळजीचंही आहे."

मग सगळं सांगितलं. डोळ्यांचं. फॉर्मवर नाही लिहिलं ते माझं अक्षर आहे, हे पण. रिकामी काडतुसं किती, जास्त भरलेलं एक, डेव्हचं एक. कीबोर्ड चालू होता. मग म्हटलं, माझं ऐकून घ्या. त्यांनी भरलेली एकही मी कुणाला झाडू देणार नाही. त्यांना लागतील ती मी भरेन. दर रविवारी मी त्यांच्या शेजारी उभी राहीन. बंदूक माझ्या कपाटात ठेवा, डीलरकडे ठेवा, कुठेही. फक्त रविवार काढून घेऊ नका.

कीबोर्ड थांबला. "हे मी लिहून घेतो," तो म्हणाला. "पण डोळ्यांचा रिपोर्ट मागवावा लागेल. निर्णय माझ्या हातात नाही."

"केव्हा कळेल?"

"काही आठवडे. तोपर्यंत कोणीतरी त्यांच्या घरी येऊन बघून जाईल."

ठेवल्यावर तशीच बसून राहिले. योग्य केलं असं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझ्या वेळी त्यांनी हेच सांगितलं आणि मला मिळालं. मी बरी होणार होते. त्यांचे डोळे बरे होणार नाहीत. शेजारी उभं राहून ते बदलत नाही.

पावणेबाराला तु.दां.चा फोन. आवाज खणखणीत, रेडिओ मागे चालू.

"झालं बोलनं?"

"झालं."

"सगळं सांगतलं?"

"सगळं."

"बरं केलं." रेडिओवर बाई हवामान सांगत होती, उत्तरेत पाऊस. मी वाट बघत राहिले, रागवतील म्हणून. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "अजून पोलिस आले नाईत. रविवारले किती भरू?"

ही काडतुसं कोणी झाडणार नाही, हे त्यांना माहीत. मी सोमवारी ती कापणार, हे त्यांना माहीत. मला माहीत आहे हेही त्यांना माहीत.

म्हटलं, "पन्नास भरा, दादा."